चेतनाचं कुलूप

चेतना घरी पोचली, बॅग टाकली, खिशात हात घातला तर किल्ली!

घराची किल्ली नव्हे हो, ती कामाला जायची त्या सिलतऱ्याच्या लोखंड कारखान्यातली. तिथं मोटर दुरुस्त करायची तर आधी बटण बंद करायचं, त्यावर प्रत्येकानं आपापलं कुलूप लावायचं आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवायची. तुमचा हात आत असताना दुसऱ्या एखाद्या शहाण्यानं मशीन चालू करू नये म्हणून. काम झालं की ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं. आज दुपारी कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्याची मोटर दुरुस्त झाली, बाकी सगळ्यांनी कुलपं काढली आणि आमच्या चेतनाबाई आपलं कुलूप तसंच ठेवून कँटीनमधल्या समोशांच्या नादात बस पकडून मोकळ्या!

दिवस तरी कोणता निवडावा? अप्रेंटिसच्या वर्षाचा शेवटचा. पोट्टे-पोट्ट्या मिळून बारा, पक्क्या जागा दोन. फोरमन गंगाधरकाका प्रत्येकाबद्दल शेरा लिहिणार आणि आजच संध्याकाळी मॅनेजर सही करणार. अप्रेंटिस होण्याआधी तीन वर्षं चेतनानं ठेकेदाराकडे काढली होती. दर सहा महिन्यांनी गेटपास संपायचा, मग पंधरा दिवस घरी बसा, पुन्हा हात जोडा. लग्नाकार्यात कोणी "पोट्टी काय करते?" विचारलं की तिचे बाबा, रेल्वेतून रिटायर झालेले भैय्यालाल, पाणी प्यायच्या निमित्तानं उठून जायचे. चेतनाला या सगळ्याचा वीट आला होता.

तेलीबांध्याचा तलाव घरापासून दोन मिनिटांवर. किल्ली द्यावी फेकून आणि म्हणावं, कारखान्यातच कुठंतरी पडली असंल. कोण पाहतं? ती चपला घालून निघालीसुद्धा. तेवढ्यात फोन वाजला.

"पोट्टी, जिती आहेस ना?" गंगाधरकाकांचा आवाज पार फाटला होता.

"हव, काका. घरी आहो मी."

पलीकडे काका धप्पकन खाली बसल्याचा आवाज आला. मग काका म्हणाले, "कुलूप दिसलं तुयं. मले वाटलं, तू पट्ट्याखाली अडकली. दोनदा रांगत जाऊन आलो. हाका मारून राहिलो, तं तुया काही पत्ताच नाही!"

साठीला टेकलेला माणूस तो, जिना चढताना गुडघे धरणारा. चेतनाला इतकी लाज वाटली की रडूच फुटलं.

"किल्ली माह्याजवळच आहे, काका. मीच विसरली. आणून राहिली."

तिनं घरात ओरडून सांगितलं, "बाबा, स्कूटर काढा!"

"काहून? आग लागली का कुठं?"

रस्त्यात तिनं सगळं सांगितलं. चाळीसच्या वर कधी न गेलेल्या भैय्यालालांनी त्या दिवशी दोन ट्रक मागं टाकले.

बाबांना गेटवर ठेवून चेतना धावत आत गेली. सगळ्यांच्या देखत तिनं कुलूप उघडलं, पट्टा चालू झाला. मॅनेजरसाहेब नागपूरचे, तोंडाचे तिखट.

"गंगाधर, हिचा फोन लागला तेव्हाच कुलूप तोडायचं ना! तासभर काम बंद!"

"आज हिले विचारून तोडलं, साहेब, तं उद्या कोणी न विचारता तोडंल. आतमध्ये तेव्हा माणूस असंल."

साहेबांनी शेऱ्यांचा कागद मागवला आणि चेतनाच्या नावापुढचं मोठ्यानं वाचलं. "काम चोख. आज कुलूप विसरली. स्वतः कबूल केलं, किल्ली घेऊन निघाली." मग काकांना विचारलं, "अरे, ही तक्रार आहे का शिफारस?"

"जे झालं ते लिहिलं," कोळशानं काळ्या झालेल्या तोंडानं काका म्हणाले. "पण मले विचारान तं, ही आता मरेपर्यंत कुलूप विसरत नाही. बाकीच्या अकरांची गॅरंटी मी देत नाही."

सगळे खो-खो हसले. साहेबांनी चेतनाला पाच मिनिटं असं झापलं, असं झापलं की विचारू नका. मग सही केली.

गेटबाहेर भैय्यालाल स्कूटरला टेकून उभे होते. "काढलं?" त्यांनी हळूच विचारलं. नोकरीवरून काढलं का, एवढं पूर्ण विचारायचा धीर नव्हता.

"पक्की झाली, बाबा."

रेल्वेतून रिटायर होताना गळ्यात हार घालून हसत हसत घरी आलेले भैय्यालाल सिक्युरिटीवाल्याच्या पुढ्यात, डोक्यावर हेल्मेट तसंच ठेवून, ढसाढसा रडले.