सुतकातली मांजर

केवळाबाई गेल्या आणि त्यांच्या मांजरीनं अन्न सोडलं. गावभर कौतुक झालं.

लोह्याजवळच्या त्या गावात शेषेरावांचं घर माळकरी. चुलीवर कधी अंडंसुद्धा शिजलं नाही. पण केवळाबाई गोठ्यातल्या एका डब्यात सुकट ठेवायच्या. चिमूटभर कुटून भाकरीत कालवायच्या आणि बुंदी मांजरीला घालायच्या. शेषेरावांना वास यायचा. ते गप्प बसायचे. संसार करायचा तर पुरुषानं थोडं आंधळं, थोडं बहिरं आणि थोडी सर्दी झालेलं असावं लागतं, हे त्यांना लग्नानंतर लवकरच कळलं होतं.

सुतकात शेषेरावांची थोरली बहीण लक्ष्मीबाई आली. तिला सगळे आक्का म्हणत. घर-गोठा झाडताना तिला तो डबा सापडला आणि तिनं तो तसाच उकिरड्यावर पालथा केला. माळकऱ्याचं घर, त्यात सुतक. मांजरीनंही पाळलं पाहिजे, असा तिचा हिशोब. बुंदीपुढं दूध-भाकरीची वाटी आली. बुंदीनं वाटी हुंगली आणि गोठ्यात जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तेव्हा आक्काच म्हणाली, "बघ शेषा, मुक्या जनावराला बी कळतंय. केवळाच्या मागं अन्न सोडलं तिनं."

मग भेटायला येणारा जो तो आधी फोटोला हात जोडी आणि नंतर गोठ्यात डोकावे. शेषेराव स्वतः पुढं होऊन दाखवत. बायको गेल्यापासून त्यांना रडू आलं नव्हतं, आणि त्याची त्यांना लाज वाटत होती. निदान या घरात कोणीतरी केवळाबाईसाठी उपाशी आहे, एवढाच त्यांना आधार होता. सून तनुजा एकदा म्हणाली, "मामा, तिला सुकटच लागत आसंल." आक्कानं तिच्याकडं असं बघितलं की ती पुन्हा बोलली नाही. शेषेरावांनी ते ऐकलं होतं. त्यांना ते नको होतं, म्हणून त्यांनी सोडून दिलं.

तेराव्याची पंगत उठली तेव्हा बुंदीला उभंही राहता येत नव्हतं. शेषेरावांनी तिला उचललं तर हाताला नुसती हाडं लागली. कानाच्या आतलं कातडं हळद लावल्यासारखं पिवळं झालं होतं. ते घाबरले. तिला टोपलीत घालून, पाहुण्यांना तसंच सोडून, ते लोह्याला जनावरांच्या डॉक्टरकडं गेले.

"आधी काय खायची?" डॉक्टरांनी विचारलं.

शेषेरावांचा हात आपोआप गळ्यातल्या माळेकडं गेला. "सुकट."

"अन् मग?"

"सुतक होतं. दूध-भाकर ठेवली. तिनं दुःखानं खाल्लं न्हाई."

डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "काका, मांजरीचं खाणं असं एकाएकी बदलत न्हाईत. जुन्या खाण्यात चिमूटभर नवं घालायचं, आठ-दहा दिवसांत हळूहळू वाढवायचं. न्हाई खाल्लं तर पुन्हा जुनंच द्यायचं. ती उपाशी राहील, पण अनोळखी अन्नाला तोंड लावणार न्हाई. अन् पोटात काही गेलं न्हाई की तिचं लिव्हरच बसतंय. नुसत्या दूध-भाकरीवर तर मांजर जगतच न्हाई."

"म्हणजे दुःखानं न्हाई?"

"भुकेनं, काका."

डॉक्टरांनी सलाईन लावलं, सुई दिली, तोंडात पातळ अन्न सोडायला एक सिरिंज दिली. आशा मात्र दिली नाही.

येताना शेषेराव बाजारात मासळीवालीपुढं उभे राहिले. तिनं त्यांची माळ बघून विचारलं, "कुणाला पायजे, महाराज?" त्यांनी नुसते पैसे पुढं केले. घरी येऊन त्यांनी स्वतःच्या हातानं सुकट कुटली, पाण्यात पातळ केली आणि बुंदीचं डोकं मांडीवर घेतलं. "खाय गं बाई. तुझंच हाय हे. खाय." ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. पातळ केलेली सुकट तिच्या ओठांवरून त्यांच्या धोतरावर ओघळत राहिली. तेव्हा कुठं शेषेरावांना रडू आलं, आणि ते थांबेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुंदी गेली.

परसात खड्डा खणला. शेजारच्या बायका हळद-कुंकू घेऊन आल्या. आक्का म्हणाली, "मालकिणीपाशी गेली. पुण्यवान जीव."

"कुणापाशी गेली न्हाई, आक्का," शेषेराव म्हणाले. "आपण उपाशी मारलं तिला. ती भुकेली होती अन् मी लोकांना दाखवत बसलो."

आक्कानं त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि बायकांकडं वळून हलक्या आवाजात म्हणाली, "केवळा गेल्यापासून असंच बोलून राहिला. लई दुःख झालंय त्याला."

बायकांनी माना हलवल्या आणि मांजरीला कुंकू लावलं.