सहा देव, सात देव

कप्तानाचं नाव आदेश कसं पडलं ते आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढे घोळ होईल.

सहा वर्षांपूर्वी तो आभाळातून जिवतीच्या डोंगरात उतरला. जहाज त्याने दरीतल्या बांबूच्या बेटात दडवलं, जहाजानेच बेतून दिलेलं माणसाचं अंग चढवलं आणि पायवाटेने खाली आला. वाटेत कोलू नावाचा शेतकरी बैल घेऊन घरी चालला होता. त्याने विचारलं, "नाव काय तुयं?" कप्तानाला सांगायचं होतं की मी वरच्या हुकमाने आलोय, जास्त विचारू नकोस. पण घोकून आणलेले शब्द ऐन वेळी दगा देतात. तोंडातून एवढंच निघालं, "आदेश."

"चांगलं नाव हाय," कोलू म्हणाला. झालं बारसं.

कोलूचा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा वजनदार होता. "देव किती?" गोंडांच्या गावात नवीन माणसाला हे विचारावंच लागतं. कोणाचं घराणं सहा देवांचं असतं, कोणाचं सात. देवांचा आकडा जुळला तर ते भाऊबंद, त्यांच्यात लग्न चालत नाही. आकडा वेगळा निघाला तर ते सोयरे, आणि लेक द्यायची-घ्यायची ती त्यांच्यातच. कप्तानाला यातलं ओ की ठो कळलं नाही. आपल्या मुलखाला सूर्य किती असं हा विचारतोय, असा त्याने अर्थ काढला आणि सहा बोटं वर केली.

कोलूने बैलांचे कासरे सोडले आणि त्याच्या खांद्यावर हात टाकला. "अरे, तू त मायाच भाऊबंद निघाला."

त्या दिवसापासून आदेश कोलूच्या घरात राहिला. कोलूची बायको धुरपता त्याला भाऊजी म्हणू लागली. त्याने कापूस वेचला, ज्वारी राखली, राजुऱ्याच्या बाजारात बैल पारखायला शिकला आणि दोनदा फसला. धुरपताच्या हातची आंबील त्याला इतकी आवडू लागली की आपण इथे हेर म्हणून आलोय, हे त्याला मधूनमधून आठवावं लागे.

कारण तो हेरच होता. त्याचे लोक सहा सूर्यांचे. त्यांच्या पलीकडे सात सूर्यांचे लोक. दोघांमध्ये किती पिढ्यांचं वैर, ते दोघांनाही आता आठवत नव्हतं. आपली पृथ्वी या दोन मुलखांच्या मधोमध पडते, म्हणजे ती त्यांचा धुरा, हद्दीचा बांध. आता दोन शेतांमधल्या धुऱ्यावरून माणसं काय काय करतात, हे चंद्रपूर जिल्ह्यात कोणाला समजावून सांगायची गरज नाही. आदेशला धुऱ्यावर बसवलं होतं ते एवढ्यासाठी, की पलीकडचा कोणी आलाच तर डोळ्यांत तेल घालून बघावं.

वरून निरोप यायचा तो त्याच्या दाढेत. दाढेला ऐकता येई, बोलता मात्र येत नसे. बोलायचं तर जहाजात जावं लागे. सहा वर्षांत ती दाढ एकदाही बोलली नव्हती. ती खोटीच निघाली असावी, अशी त्याची जवळजवळ खात्री झाली होती.

माघातली ती सकाळ. तुरीच्या पेंढ्या खळ्यावर आणायचं काम चालू होतं. आदेशच्या डोक्यावर भारा होता आणि दाढ ठणकली. मग ती बोलली.

सात सूर्यांचं जहाज तुझ्याच डोंगररांगेत आहे. उद्या दुपारी सूर्य डोक्यावर आला की जहाज घेऊन ऊठ. उठताना त्यांच्या कप्तानाला जाळ. तुझ्या उठण्याने खाली काय जळेल याचा विचार करू नकोस. तू नकार दिलास तर जहाज तुझ्याशिवाय उठेल. सहाच्या सहा सूर्य तुझ्याकडे बघत आहेत.

भारा त्याच्या डोक्यावरून कधी पडला ते त्याला कळलं नाही. कोलू म्हणाला, "काऊन रे, चक्कर आली का?" आदेशने डोंगराकडे पाहिलं. जहाज बांबूतून उठताना आग ओकतं. ती आग दरीत मावणार नाही. खळं, गोठा, कोलू, धुरपता, गावातली चाळीस घरं, सगळी तिच्या वाटेत होती. दुसरीकडे सहा सूर्यांखाली त्याची म्हातारी आई होती, तिच्यासमोर घेतलेली शपथ होती. तो उठला नाही तर सातवाले आधी उठतील आणि मग त्याच्या आईच्या घरावर आग पडेल. दोन्ही दगडांवर पाय ठेवून तो सहा वर्षं मजेत उभा होता. आता दगड हलले होते, आणि तो घाबरला.

तेवढ्यात धुरपताने हाक मारली. "भाऊजी, हातपाय धुवा. पाव्हणे आले."

आता हे पाहुण्यांचं प्रकरण. आदेशचं लग्न होत नाही याची काळजी एकट्या धुरपताला होती. तिचं माहेर पाच कोसांवर, पलीकडच्या डोंगराच्या पायथ्याशी. तिचे वडील नानाजी यांच्या घरी चार वर्षांपूर्वी एक मुलगी आसऱ्याला आली होती. घरदार कोणी नाही, नाव करिश्मा, कामाला वाघीण. नानाजींनी तिलाही देव विचारले होते. ती म्हणाली होती, सात. नानाजीही सात देवांचेच, म्हणून त्यांनी तिला लेक मानली. सहा देवांचा एकटा नवरा आणि सात देवांची एकटी नवरी, असा जोड धुरपता हातचा जाऊ देणार होती थोडीच? मुलगी बघायला मुलाकडच्यांनी जायचं असतं, पण आदेश कधी निघेचना. तेव्हा तिने शक्कल काढली आणि तूर झोडायला माणूस कमी पडतं म्हणून मुलीलाच बोलावून घेतलं.

करिश्मा चुलीजवळ बसली होती. ओलं लाकूड धुमसत होतं. धूर तिच्या तोंडावर आला आणि तिने डोळे मिटले. आधी उजवा, मग डावा.

आदेश उंबऱ्यातच थिजला. माणसाचे दोन्ही डोळे बरोबर मिटतात. जहाजाने बेतलेलं अंग हुबेहूब असतं, पण डोळे मिटायची सवय मूळची असते, ती जात नाही. सहा सूर्यांच्या माणसाचा डावा डोळा आधी मिटतो, सातवाल्यांचा उजवा. त्यांच्या पाठशाळेत हा पहिला धडा असे. आणि धूर काही एकीलाच ओळखत नाही. त्याच्याही डोळ्यांत गेला. करिश्माने त्याचा डावा डोळा आधी मिटताना पाहिला, आणि तिच्या हातातली चहाची बशी खाली पडली.

"लाजली," धुरपता बापाला म्हणाली. नानाजी समाधानाने हसले.

दोघांना बोलायला म्हणून खळ्यावर पाठवलं. तुरीच्या ढिगाच्या एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला ती. दोघांच्याही कमरेला विळा होता आणि दोघांचाही हात त्यावर होता. आधी तीच बोलली, आणि बोलली ती इथल्याच बोलीत. दोघांना कळेल अशी भाषा साऱ्या आकाशात तेवढी एकच होती.

"तुले कवा आला निरोप?"

"आज सकाळी."

"मलेबी. उद्या दुपारी उठाचं हाय. उठताना तुले जाळाचं."

"अन् मले तुले."

तिने खाली बघितलं. तिच्या केसांत तुरीचा पाला अडकला होता. "मायं जहाज नानाजीच्या गावावरच्या कपारीत हाय," ती म्हणाली. "उठलं त गाव राहत नाई. चार वर्षं त्याइच्या घरची भाकर खाल्ली म्या."

आदेशला रडू आलं. सकाळपासून जे कोणाला सांगता येत नव्हतं, ते शत्रू आपल्यालाच सांगत होता.

"नाई म्हणून सांगून देऊ का वर?" त्याने विचारलं.

"नाई म्हटलं त जहाज आपल्याबिगर उठते. त्याचं काळीजच काढा लागन. मंग ते नाई उठत."

"अन् निरोप?"

"निरोप कायचा? नानाजीच्या घरी पोरगा पसंत नसला त कोणी सांगाले जात नाई. चूप राह्यतेत. समोरचा समजून घेते."

आदेशलाही ते पटलं. कोलूच्या घरीही असंच होतं. मागे कोणी बैल मागायला आलं आणि द्यायचा नसला, की कोलू चार दिवस त्या वाटेला जायचाच नाही. मागणारा समजायचा, आणि मनात काही ठेवायचा नाही. सहा वर्षांपूर्वी असला सल्ला कोणी दिला असता तर हा कप्तान हसला असता. आता तो मान डोलावत होता.

"तू काढशीन काळीज?" त्याने विचारलं.

"काढीन. तू?"

"काढीन. पण मले कसं समजन?"

"उद्या दुपारी मायाकडच्या डोंगराकडं पाह्यजो. म्याबी तुयाकडं पाहीन."

विळ्यावरचे हात सुटले. ते दोघं चुलीपाशी परत आले तेव्हा धुरपताने त्यांचे चेहरे वाचले आणि तिथल्या तिथे ठरवून टाकलं की जमलं. उद्या पक्की बोलणी करायला पुन्हा येतो, असं सांगून नानाजी करिश्माला घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी सरपणाचं निमित्त करून आदेश डोंगरावर गेला. बांबू बाजूला सारून आत शिरला. जहाजाचं काळीज मुठीएवढं, कोमट, हळूहळू धडकणारं. त्याने त्यावर हात ठेवला आणि हात तिथेच राहिला. ते काढलं की घरी जाणं कायमचं संपलं. आई पुन्हा दिसणार नाही. आणि तिने नाही काढलं तर? सातवाल्यांचा शब्द! त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवणाऱ्यांची थडगी त्याला लहानपणी ओळीने दाखवली होती. खरं सांगायचं तर एकदा त्याने हात मागेही घेतला. दाराबाहेर उजेड पांढरा होत चालला होता. खालून कोलू बैलांना रागावत असल्याचा आवाज येत होता, अगदी रोजच्यासारखा.

त्याने काळीज उपटलं. ते दोनदा धडकलं आणि थंड पडलं.

मग तो बाहेर येऊन समोरच्या डोंगराकडे बघत बसला. सूर्य डोक्यावर आला. सूर्य कलला. समोरचा डोंगर जागच्या जागी होता, त्यावर एक घार फिरत होती. तिने शब्द पाळला होता. आदेश मोठ्याने हसला, मग ओक्साबोक्शी रडला. ना सहा उठले, ना सात; धुऱ्यावरचं भांडण मिटलं होतं.

तेव्हा दाढ बोलली.

कप्तान मेला, ती म्हणाली. जहाजाचं काळीज दुपारी थांबलं. आपल्या कप्तानाला सातवाल्यांनी मारलं. त्याच्या आईला कळवलं आहे. जिथे त्याला मारलं, त्या डोंगरावर सगळी जहाजं निघाली आहेत. एकही मागे राहणार नाही. पृथ्वीच्या पुनवेपर्यंत पोचू.

आदेश बसल्या जागी दगड झाला. आपल्याच मरणाची बातमी आपल्याच तोंडात ऐकणं कोणाच्या नशिबी येऊ नये. कप्तानाने आपल्या हाताने जहाजाचं काळीज काढावं, हे त्यांच्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं. काळीज थांबलं म्हणजे शत्रूने थांबवलं, एवढाच अर्थ तिथे होता. इथे गप्प राहिलं की समोरचा समजून घेतो. वर कोण समजून घेणार होतं? हे आपल्याला, कप्तानाला, सुचू नये? त्याने ते थंड काळीज पुन्हा जागेवर बसवून पाहिलं, दाबून पाहिलं, दोन्ही हातांत धरून फुंकून पाहिलं. ते काही धडकलं नाही. आता ओरडून सांगायलाही जहाज नव्हतं.

तो डोंगर कसा उतरला ते त्याला आठवत नाही. दिवस मावळता मावळता घरी आला तेव्हा नानाजी अंगणात खाटेवर बसले होते, कोलू त्यांना तंबाखू मळून देत होता. करिश्मा खांबाला टेकून उभी होती. तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. तिने आपल्या गालावर, दाढेपाशी, एक बोट ठेवलं. आदेशनेही ठेवलं. तिच्याही दाढेने तेच सांगितलं होतं.

"ये, बस," नानाजी म्हणाले. "सारं ठरलं. लगन पुनवेले. हुंडागिंडा काई नाई. फक्त एक सांग बापू, म्हणजे तशी सोय करता येते. तुयं कोणी नाई असं कोलू म्हणते, पण लगनाले त रक्ताचं माणूस येतेच. तुयाकडून किती जण येतीन?"

त्याने करिश्माकडे पाहिलं. तिने मान खाली घातली.

"सारेच," तो म्हणाला.

"असं का?" धुरपता खूश झाली. सहा वर्षं एकट्या राहिलेल्या दिराला एवढा गोतावळा आहे, हे तिला आजच कळत होतं. "अन् तुयाकडून वो, करिश्मा?"

"आमचेबी," करिश्मा म्हणाली. "सारेच."

"येऊ द्या," धुरपता म्हणाली. "आपल्या घरून कोणी उपाशी जात नाई." आणि पदर खोचून ती शेजारणीकडे लग्नाच्या भातासाठी मोठी गंजं मागायला गेली.