आईच्या पोटातली चिठ्ठी

या मायबाप हो, जरा जवळ सरकून बसा. टाळ अजून पिशवीतच आहेत, कीर्तनाच्या बुवांना यायला वेळ आहे. तेवढ्यात एका चिठ्ठीची गोष्ट सांगतो. ती आपण जन्माला येण्याआधीच निघालेली असते.

आपल्या या राजापेठेतल्या मंदिरात बुवांना हार घालायचा मान चिठ्ठी टाकून ठरतो. बंगलेवाला असो की भाजीवाली, ज्याचं नाव निघेल त्याचा मान. हार मात्र ओवते सुभद्राबाईच. माझ्या नारळाच्या दुकानाला लागून तिचं आणि तिच्या नवऱ्याचं, खुशालरावांचं, फुलांचं दुकान आहे, मळा नांदगाव खंडेश्वरला. खुशालरावांचं नाक असं होतं, की डोळे मिटून सांगत: हा निशिगंध आज पहाटेचा, हा काल संध्याकाळचा.

कोरोनाच्या सालात मूर्तिजापूरला सुभद्राबाईच्या माहेरी घरगुती कीर्तन होतं. "चाला ना, तुमी नाई आले तं लोकं काय म्हनतीन," असं म्हणत ती त्यांना घेऊन गेली. परतल्यावर खुशालरावांना ताप आला. ताप घरीच उतरला, पण वास गेला तो गेलाच. तेव्हापासून कपाळी तो सुवासिक बुक्का लागला की म्हणत, "काळं फासलं, एवढं समजते." लोक हसत. सुभद्राबाई हसत नसे. तिनं कीर्तनाला येणंच सोडलं. हार ओवून पाठवायची आणि दुकानातच बसायची. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "नत्थुजी, माह्या हौसेपायी त्याईचं नाक गेलं. कोन्या तोंडानं बसू तिथं?"

यंदा तिची भाची साधना अकोल्याहून आली. विषाणूच्या आजारानं मेंदूची घडण बदलते का, हे माणसांच्या जनुकांवरून शोधायचं तिचं काम. हे कळताच सुभद्राबाईनं दुकानातच खुशालरावांचे चार केस विड्याच्या पानात बांधून तिच्यापुढं ठेवले.

"हे घे, अन् पाहून सांग. माह्यानं झालं का नाई?"

साधनाला हसू आलं, पण तिनं पुडी बाजूला नीट ठेवली. "आत्या, केसाचं काम नाई व. दूरदेशीच्या लाखो लोकाईनं रक्त देल्लं हाय, मशीनमधे डोकं घालून मेंदूचे फोटो देल्ले. ते सारं जुळवून पाहतो आमी."

तिनं लॅपटॉप उघडला. पडद्यावर घडीत घडी, वळणात वळण. खुशालराव चष्मा वर करून वाकले.

"हा तं कोंबडा फुलला हाय."

टोपलीत लाल कोंबड्याची फुलं होतीच. एक उचलून त्यांनी पडद्याशेजारी धरलं. त्याच मखमली घड्या, तीच वळणं. मीही शेजारून येऊन पाहिलं. जो माळी बांधावर कोंबडा फुलवतो, त्यानंच आपल्या कवटीआड असं फूल लावून ठेवलंय, आणि आपण त्यावर टोपी घालून फिरतो.

साधनानं कपाळामागच्या जागेवर बोट ठेवलं. "वास ओळखाची एक जागा ही. आजारी पडलेल्याची ही जागा बारीक दिसली, तं सवाल राहते. आजारानं झाली, का आधीपासूनच तशी होती? म्हनून आमी चिठ्ठी पाहतो."

"मंदिरातल्यासारखी?" सुभद्राबाईनं विचारलं.

"तशीच. आईच्या पोटात, मायबापाच्या जनुकाईतून निघते. कोनाले आजार जड जाईन अन् कोनाले हलका, याचा थोडासा भाग तिथंच ठरते. पैसा चालत नाई, वशिला चालत नाई. अन् आजाराच्या कितीतरी आधीची ते चिठ्ठी. जड चिठ्ठीवाल्याईचे मेंदू एकीकडं, हलकीवाल्याईचे एकीकडं ठेवून फरक पाहाचा. फरक दिसला, तं तो आजारानंच केला असं म्हनाले जागा होते."

"मंग दिसला?" सुभद्राबाईचा आवाज अगदी खाली गेला.

"थोडा दिसून राहिला. पक्कं म्हनता येत नाई अजून. पन आत्या, हे लाखाईचं समजते, एका डोक्याचं नाई समजत. आपल्या मामाजीचं नाक काहून गेलं, हे मले सांगता येनार नाई."

"म्हंजे मी सुटली नाई."

"तुले बांधलं कोनं होतं?" खुशालराव म्हणाले. "तू नसती म्हनली तरी आलो असतो मी. तुह्या माहेरचं रोडगे-वरनाचं जेवन सोडतो का? नाक माहं गेलं, अन् कीर्तन तू सोडलं. हा कोनता हिशोब?"

सुभद्राबाई पडद्याकडं पाहत राहिली. मग विचारलं, "हे डोकं कोनाचं हाय?"

"माहीत नाई. नाव नसते, नंबर असते फक्त."

"त्यानं मशीनीत डोकं घातलं, म्हनून माह्यासारखीले सवाल विचारता आला. अन् त्याले मी माहीतबी नाई." तिनं पदर डोळ्यांना लावला. मग दोरा ओढला आणि हार ओवायला बसली.

त्या संध्याकाळी ती स्वतः हार घेऊन इथं आली. शेवंतीच्या मधोमध एक लाल कोंबडा होता. चिठ्ठी दुसऱ्याच कोणाची निघाली. तिनं हार त्याच्या हाती दिला आणि मागं येऊन बसली. शेवटी खुशालरावांच्या कपाळी बुक्का लागला, तेव्हा तिनं हळूच विचारलं, "आला का वास?"

"नाई. पन बोट गार लागलं."

या वेळी ती हसली.

ते पाहा, बुवा आले. हारात आजही मधोमध कोंबडा दिसेल. तो दिसला की एवढं करा, त्या कुण्या परक्या मुलखातल्या माणसाची आठवण काढा, जो आपल्यासाठी त्या मशीनमध्ये डोकं घालून गुपचूप पडून राहिला. नाव मला विचारू नका. ते साधनालाही ठाऊक नाही.