हळदीवर घातलेला आळ

वडनेर भोलजीत अन्नपूर्णाबाईंचं उटणं ठाऊक नसलेली बाई सापडणं कठीण. बाळंतिणीला चोळायचं असो, नवरीचं अंग उजळायचं असो की कुणाच्या पोराला घामोळ्या आलेल्या असोत, पहिली आठवण त्यांचीच व्हायची. मसुराचं पीठ, नागरमोथा, कचोरा, सावलीत वाळवलेल्या गुलाबपाकळ्या आणि तानुबाईच्या शेतातली हळद. तानुबाई आणि तिचा नवरा वीस गुंठ्यांत हळद लावायचे, घरीच शिजवून, वाळवून, दळून ठेवायचे. अन्नपूर्णाबाई सगळं वस्त्रगाळ करायच्या आणि देताना दरवेळी बजावायच्या, "आधी कोपराच्या आतल्या अंगाले लावून पाह्यजा. खाज सुटली नाई तरच बाकी."

त्यांचं बोलणं इतकं हळू, की समोरच्याला कान पुढे करावा लागे. सोमवार, एकादशी, प्रदोष काही चुकायचं नाही. तुळशीला पाणी घातल्याशिवाय तोंडात घोट नाही. आणि या सगळ्याच्या वर, वयाच्या बावन्नाव्या वर्षी त्यांचं तोंड असं नितळ, की बायका टक लावून बघायच्या.

"पाह्य वं, उटण्याचं फळ," असं कुणी म्हटलं की त्या खाली बघून हसायच्या. हो म्हणायच्या नाहीत, नाहीही म्हणायच्या नाहीत. खोटं म्हणजे तोंडानं बोललेलं खोटं, एवढं त्यांनी स्वतःपुरतं ठरवून टाकलं होतं.

तीन वर्षांपूर्वी त्यांच्या दोन्ही गालांवर वांगाचे काळे डाग आले होते. उटणं लावून, दूध लावून, कोरफड लावून डाग हटले नाहीत. मग जळगाव जामोदला बहिणीकडे लग्नाला गेल्या असताना तिथल्या एका पार्लरवालीनं पांढरी डबी हातात ठेवली. डबीवर ना बनवणाऱ्याचं नाव, ना तारीख, ना आत काय आहे त्याची यादी. नुसतं एका फुलाचं चित्र चिकटवलेलं. पंधरा दिवसांत वांग गेला. तेव्हापासून दर दोन महिन्यांनी बहिणीची खुशाली विचारायला त्या जळगाव जामोदची एसटी पकडायच्या. डबी ठेवली होती देवघराच्या खणात, पोथीखाली. आंघोळ केल्याशिवाय त्या खणाला घरात कुणी हात लावत नसे, म्हणून. सांजवात झाली की घराकडे पाठ करून त्या बोटभर मलम तोंडाला चोळायच्या. देवासमोरच.

दर चातुर्मासात त्या काहीतरी सोडायच्या. कधी वांगं, कधी गूळ, एका वर्षी पलंगावर झोपणं. यंदा बराच विचार करून त्यांनी ती डबी सोडायची ठरवली. मनातून त्यांना बरं वाटलं. कुणाला दिसणार नाही, कुणी वाखाणणार नाही, असा हा त्याग. एकादशीला संकल्प सोडला आणि त्या दिवसापासून डबीला हात लावला नाही.

नवव्या दिवशी तोंड पेटलं. आधी चुणचुण, मग गालांवर लाली, मग बारीक बारीक पुटकुळ्या आणि चुलीपुढे बसवणार नाही अशी आग. उन्हात गेलं की मिरची चोळल्यासारखं व्हायचं. हिंमतराव, त्यांचे यजमान, दोन दिवस बघत राहिले आणि मग म्हणाले, "काऊन वं, तोंड निरा टमाट्यावानी झालं तुह्यं. दवाखान्यात जाऊ."

"उष्णता असन," त्या म्हणाल्या. त्यांना आतून पक्कं वाटत होतं, की देवानं आपल्याला रंगेहाथ पकडलंय. इतके दिवस त्याच्या पोथीखाली लपवलं, आता तो ते तोंडावरच लिहून काढतोय.

चार दिवसांनी भजनाला त्या पदर पुढे ओढून बसल्या. पण वच्छलाबाईंच्या नजरेतून काही सुटत नाही. भजनी मंडळाच्या फोनवरच्या ग्रुपची चावी त्यांच्याकडे, आणि गावातली बातमी आधी त्यांच्याकडे मुक्कामाला येते.

"वहिनी, पदर काढा बरं. व माय. काय झालं हे?"

सगळ्या बायका वळल्या. पंधरा-वीस जणी. ज्यांच्या पोराबाळांना अन्नपूर्णाबाईंचं उटणं लागलं होतं, त्या सगळ्या.

"काय लावलं होतं तुमी?"

"उटणंच. दुसरं काय लावतो मी," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. आणि कुणी पुढचं विचारायच्या आत त्यांच्या तोंडून निघून गेलं, "या खेपची हळद जराशी तेज निंघाली वाटते."

एवढंच. त्याच हलक्या आवाजात. पण त्यांचं बोलणं ऐकायला बायका नेहमीच कान पुढे करत आल्या होत्या, तेव्हाही केले.

संध्याकाळी ग्रुपवर वच्छलाबाईंचा आवाज आला. "ऐका वं बायांनो, तानुबाईच्या हळदीत काहीतरी भेसळ हाये म्हनतेत. अन्नपूर्णावहिनीचं तोंड जळालं तिच्यानं. लहान लेकरायले लावू नका." अन्नपूर्णाबाईंनी तो निरोप तीनदा ऐकला. खाली 'बापरे', 'बरं झालं सांगतलं' असं येत राहिलं. लिहायला त्यांचं बोट फोनवर गेलं आणि तसंच परत आलं. मी भेसळ कुठे म्हटलं, असं त्यांनी मनाशी म्हणून पाहिलं. त्यानं काही बरं वाटलं नाही.

सून छाया त्यांना खामगावला कातडीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी भिंगातून गाल पाहिले, गालावर उगवलेली बारीक लव पाहिली आणि विचारलं, "तोंडाला काय लावत होता?"

"हळदीचं उटणं," छायानंच उत्तर दिलं. "नवीन हळद बाधली."

डॉक्टरांनी छायाला केसपेपरचं काम सांगून बाहेर पाठवलं. मग खुर्ची जवळ ओढून म्हणाले, "बाई, हळदीनं असं होत नाही. मलम कोणतं होतं?"

अन्नपूर्णाबाईंनी सांगितलं. बाहेरच्या माणसाला सांगणं सोपं गेलं, याचीच त्यांना पुढे जास्त लाज वाटली.

डॉक्टर म्हणाले, त्या डबीत बहुतेक तेज स्टेरॉइड असणार. तोंड आधी उजळतं, मग कातडी पातळ होत जाते. आणि इतके दिवस लावलेलं एकदम बंद केलं, की असं उलटतं. "बंद करायचंच होतं, पण आम्हाला विचारून, बेताबेतानं. आता महिने लागतील, पण निवळेल. यापुढे ज्या डबीवर नाव नाही, परवाना नंबर नाही, आत काय आहे ते लिहिलेलं नाही, तिला हात लावू नका. आणि उटणं सध्या बंद. त्याचा दोष नाही, पण तुमच्या कातडीला आता काहीच सोसणार नाही."

म्हणजे देवानं काही केलं नव्हतं. हे ऐकून हलकं वाटायला हवं होतं. पण देवाची शिक्षा असती तर ती त्यांच्यापुरती राहिली असती. परतीच्या रस्त्यावर छाया म्हणाली, "आई, त्या तानुबाईले आता बोलाच लागते. लोकायच्या तोंडाशी खेळते म्हंजे काय?" आणि अन्नपूर्णाबाई खिडकीबाहेर बघत गप्प राहिल्या. तेव्हा त्यांना खरं ठाऊक होतं, तरीही.

त्यानंतर पंधरा दिवस गेले. श्रावण लागला. रोजची पोथी, रोजचा जप, सोमवारचा उपास सगळं चालू होतं. उलट त्यांनी शनिवारही धरला. पोथी उघडली की अक्षरं दिसायची, अर्थ लागायचा नाही. डबी अजून खणातच होती. फेकायला धीर होत नव्हता, कारण फेकताना कुणी बघितलं असतं.

एका दुपारी दारात तानुबाई उभी राहिली. उंबऱ्याच्या आत आली नाही.

"बसा ना," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या.

"नाई, बाई. एक इचारायचं होतं." तानुबाईचे हात नखांच्या मुळापर्यंत पिवळे होते, ते तिनं पदरात घेतले. "माह्या हळदीत काय निंघालं, ते सांगान का? मी लय धुंडलं. कढई पाह्यली, वाळवायची ताडपत्री धुतली, घरच्या गिरणीचं जातं खोलून पाह्यलं. मंधी कुठं औषधाची फवारणी उडाली का, म्हनून आमच्या मालकाले बी भांडली. काही घावत नाई."

अन्नपूर्णाबाईंची नजर देवघराच्या खणाकडे गेली.

"लोक म्हनले, अन्नपूर्णाबाई उगीच बोलली असन. मी म्हनलं, त्या उगीच बोलनाऱ्या नाई. एवढे उपासतापास करतेत, त्या खोटं कायले बोलतीन?" तानुबाई खाली बघत होती. "मंग मीच सारी हळद खताच्या खड्ड्यात टाकली. दोन्ही पोते. नातीले रोज लावत होती तिच्यातलीच. तिले काही झालं नाई, पन म्हनलं, आपल्यानं कोनाचं लेकरू जळाले नको."

अन्नपूर्णाबाई उठल्या. देवघराच्या खणातून डबी काढली, दारात आणून तानुबाईच्या समोर धरली आणि सांगितलं. तीन वर्षं, जळगाव जामोद, वांग, संकल्प, डॉक्टर. सांगताना आवाज नेहमीपेक्षाही खाली गेला, आणि तानुबाईनं कान पुढे केला नाही, तेव्हा त्यांना मोठ्यानं बोलावं लागलं. आतून छाया स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. हिंमतराव बाजेवर उठून बसले. तरी त्या बोलत राहिल्या.

"डॉक्टरनं सांगतलं त्याले किती दिस झाले?" तानुबाईनं विचारलं.

"पंधरा."

"मी हळद टाकली त्याले आठ झाले."

अन्नपूर्णाबाई खाली वाकू लागल्या, तशी तानुबाई मागे सरकली. "पाया नका पडू, बाई. मोठ्या हा तुमी."

"मी एक वेळचं अन्न सोडतो, तानुबाई. चातुर्मास संपेस्तोर एकभुक्त राह्यतो. तुम्ही सांगान ते व्रत..."

"ते नका करू." तानुबाई पहिल्यांदाच सरळ बघून बोलली. "उपास तुमचा, पुण्य तुमचं. माह्या हळदीले त्याचं काय? घरोघर गेलं ना ते, तसं घरोघर जाऊन सांगा. ग्रुपवर नको. तोंडानं सांगा."

ती निघून गेली. हिंमतरावांनी गमछा झटकला आणि परत अंगाखाली घातला. छाया म्हणाली, "मी बोलून आली तिले, आई. परवा, पिठाच्या गिरणीवर. दहा लोकांत."

अन्नपूर्णाबाईंनी लुगडं नीट केलं, डबी मुठीत घेतली आणि बाहेर पडल्या. पदर पुढे ओढायला हात गेला होता. त्यांनी तो खाली घेतला. उन्हाची तिरीप गालावर बसली, तशी आग उठली.

पहिलं घर वच्छलाबाईंचं घेतलं. सगळ्यात कठीण तेच होतं. वच्छलाबाई ओट्यावर शेंगा सोलत होत्या. अन्नपूर्णाबाईंनी उभ्याउभ्याच सांगितलं. तानुबाईची हळद चांगली होती. माझ्या तोंडाला झालं ते या मलमानं. मी खोटं बोलले.

आता ओरडतील, आता शेजारणीला हाक मारतील, म्हणून त्या वाट बघत राहिल्या. वच्छलाबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. त्यांनी डबी घेतली, फुलाचं चित्र अंगठ्यानं पुसून बघितलं. मग इकडेतिकडे पाहून खालच्या आवाजात म्हणाल्या, "हेच मलम?"

"हेच."

वच्छलाबाई आत गेल्या. बराच वेळ आतून पेटी सरकवल्याचा आवाज येत होता. परत आल्या तेव्हा त्यांच्या हातात तशीच डबी होती, अर्धी संपलेली. "पोरीसाठी आनली होती. काजलसाठी. दिवाळीनंतर पाव्हणे येनार हायेत पाह्याले. सहा महिने झाले लावून राह्यली ती."

"एकदम बंद करू नका," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या. "मी तेच केलं. खामगावले घेऊन जा तिले, डॉक्टरचं नाव देतो मी. आधी हे दाखवा त्यायले."

"हाव." वच्छलाबाईंनी डबी पदराच्या टोकात बांधली. "पन वहिनी, माह्यं हे कोनाले सांगजा नका. पोरीचं लगन हाये."

अन्नपूर्णाबाईंना ते वाक्य ओळखीचं वाटलं. इतके दिवस त्यांनी स्वतःला तेच सांगितलं होतं, फक्त लग्न कुणाचं नव्हतं.

"तुमचं नाई सांगत. माह्यं सांगतो," त्या म्हणाल्या. "पन हळदीचं तुम्ही स्वतः सांगा. तुमच्या आवाजात गेलं होतं ते."

वच्छलाबाईंनी पदराची गाठ चाचपली. पुढ्यातल्या सुपात बघत राहिल्या. मग, "पाह्यतो," म्हणाल्या, आणि शेंग सोलायला घेतली.

अन्नपूर्णाबाई पायऱ्या उतरल्या. शेजारच्या घरात सव्वा महिन्याची बाळंतीण होती, तिची सासू अंगणात बाळाचे लंगोट वाळत घालत होती. लांबूनच त्यांचं तोंड बघून ती म्हणाली, "हळदीनं लयच केलं वं तुमचं, बाई. मेली ती तानुबाई."

अन्नपूर्णाबाई फाटकाशी थांबल्या. मग कडी उघडून आत गेल्या.