पायावर पाणी

नीलेशच्या पायांचं पॅकिंग व्हायला घड्याळ लावून सात मिनिटं लागत. आधी सुती मोजा, त्यावर कालच्या पेपराची घडी, त्यावर बबल रॅपचे दोन वेढे, वेढ्यांना चिकटपट्टी, मग साडीच्या दुकानाची पिशवी, पिशवीवर लोकरी मोजा आणि या सगळ्यावर मित्राकडून मागून आणलेला दोन नंबर मोठा बूट. खालापूरकडच्या एका कंपनीत तो पॅकिंग खात्यात होता. काचेची भांडी न फुटता परदेशी धाडणारा माणूस स्वतःचे पाय उघडे कसे टाकील?

तशी इकडची थंडी ती काय, जानेवारीत फार तर बारा-तेरा अंश. काश्मीरचा माणूस बनियनवर फिरेल. पण कशेळ्याहून पहिल्या पाळीला मोटरसायकलवर निघालं की शेतातलं धुकं थेट पंजात शिरतं. पाय आधी दुखतो, मग चावतो, मग नाहीसा होतो. नाहीसा झाला की गिअर पडला की नाही ते पायाला कळत नाही, पुढच्या टेंपोला कळतं. म्हणून हे पॅकिंग. चालताना बुटातून फट्‌ फट्‌ आवाज येई आणि कंपनीतली पोरं विचारत, "नीलेशशेट, आज किती फुगे फुटले?" पण पाय गरम राहत. दोन हिवाळे सगळं बिनबोभाट चाललं, कारण माल घरी बांधायचा आणि कंपनीत सोडायचा, मध्ये कुठं उतरायचंच नव्हतं.

हा बारकावा त्याच्या ध्यानात आला तो बहिणीच्या, विनिताच्या, लग्नाच्या पत्रिका वाटायला निघाल्यावर.

पत्रिका व्हॉट्सअ‍ॅपवर कधीच गेल्या होत्या. पण व्हॉट्सअ‍ॅपवरच्या पत्रिकेला माणसं अंगठा दाखवतात, लग्नाला येत नाहीत. मानाच्या घरी अक्षत घेऊन जावंच लागतं, आणि पायात वहाण ठेवून अक्षत देता येत नाही. त्यासाठी मागच्या सीटवर नागूकाका होता, वडिलांचा धाकटा भाऊ. कोणाच्या लग्नात कोणाला पहिलं ताट गेलं आणि कोण त्यावरून किती वर्षं रुसलं, ही सगळी वही त्याच्या डोक्यात. अंगात दोन स्वेटर, गळ्यात मफलर, मांडीवर पत्रिकांची पिशवी आणि पायांत रबरी चप्पल. साठ पावसाळे चिखलात रोवलेले ते पाय. थंडी त्यांच्याजवळ येऊन विचार करून परत जाई.

त्या रविवारच्या यादीत अकरा घरं होती आणि खरं काम अकराव्या घरी होतं. लोधिवलीच्या येसूआत्याकडे. निघताना वडील, मोरूतात्या, अंगणात एवढंच म्हणाले होते, "बाकी कोन येवो न येवो. माज्या पोरीला पयली हळद येसूच्या हातची लागली पायजे."

त्यांच्या घरात नवरीला पहिली हळद आत्याचीच. आणि आत्या नऊ वर्षांत त्यांच्या दारात आलेली नव्हती. नीलेशचा थोरला भाऊ साईनाथ, त्याच्या लग्नाला ती अशाच थंडीत एसटीनं आली, नव्या चपलेनं चावलेले पाय ओढत मांडवाच्या दारात उभी राहिली, आणि पायावर पाणी घालायला कोणी नव्हतं. चांगली पाच मिनिटं उभी होती म्हणतात. मग तशीच वळली. "वयनीला मी जड झाले," एवढं एक वाक्य तिनं मागं ठेवलं, आणि त्या वाक्यानं नीलेशच्या आईचं नऊ वर्षांचं जेवण कडू केलं.

आता यातली एक गोष्ट फक्त नीलेशला माहीत होती. त्या दिवशी दारात तांब्या घेऊन उभं राहायचं काम आईनं त्याला सांगितलं होतं. तो तेव्हा अठरा वर्षांचा. मित्रानं नवी मोटरसायकल आणली होती. तांब्या मोरीवर ठेवला आणि तो एक चक्कर मारायला गेला. चक्कर कर्जतपर्यंत लांबली. परत आला तेव्हा घरात रडारड चालली होती, आणि रडारडीत कोण कबुली देतं? आईला त्या गर्दीत कोणाला काय सांगितलं तेच आठवेना. पुढे रोज उद्या सांगू म्हणता म्हणता नऊ वर्षं झाली.

पहाटे निघून पहिली तीन घरं कशेळ्याच्या आसपासच झाली. प्रत्येक दारात तेच. "या या! अगं, पाणी आन गं पायाला!" नागूकाका चप्पल झटकून मोकळा. नीलेश ओट्यावर बसून चिकटपट्टीचं टोक शोधतोय. घरातली पोरं भोवती जमलेली.

"काका, या दादाच्या पायाला काय झालंय?"

"काय नाय झालं. पार्सल हाय."

मग उघड्या पायावर रात्रभर अंगणात निवलेल्या पाण्याचा अख्खा तांब्या. मग चहा. मग परत सात मिनिटं बांधणी. नागूकाका गाडीशी उभा राहून सूर्याकडे बघे. "एवढ्या वेळात बाई नववारी नेसून होते रं."

दहिवलीच्या सोनुबाईकडं तर तिनं बूट काढेपर्यंतही दम धरला नाही. नीलेश वाकलेला, अन् तिनं मायेनं टाकीचं पाणी वरून सोडलं. बूट, मोजा, पेपर, पिशवी, सगळ्याला पाणी.

"मावशी, बूट हाय अजून पायात!"

"आसू दे रं, आपलंच घर हाय."

बबल रॅप कोरडं ठेवायचं असतं हे पाण्याला कुठं माहीत. पाणी आत गेलं आणि पिशवीमुळं आतच राहिलं. बाहेरची थंडी आत येऊ नये म्हणून केलेला बंदोबस्त आता आतली थंडी बाहेर जाऊ देईना. पाचव्या घरी त्यानं पेपर फेकला, सहाव्या घरी चिकटपट्टी संपली. आठव्या घरी, खालापूरच्या व्याह्यांकडं, तो गाडीवरच बसून राहिला. "काका, तुमी जा. सांगा गाडी बंद पडते, चालू ठेवावी लागते." व्याही भला माणूस. तांब्या घेऊन तो गाडीपाशीच आला.

"गाडी चालू असू दे," व्याही म्हणाला, "पाय खाली कर."

चौक गाव मागं टाकेपर्यंत नीलेशला डावा पाय उरला नव्हता. लोधिवलीच्या वळणावर त्यानं दुसरा गिअर म्हणून न्यूट्रल टाकला आणि गाडी नुसतीच ओरडली.

"आता नीट आइक," नागूकाका मागून कानाशी म्हणाला. "येसूअक्काकडं बूट न सांगता काढायचे. पानी घातलं तर हू नाय का चू नाय. तुज्या तोंडाला आज सुट्टी."

"काका, माज्या पायालाच सुट्टी मिळालीय."

"बघ, ह्येच. ह्येच नको."

येसूआत्या ओट्यावर सुपात तांदूळ निवडत बसली होती. दोघांना पाहून तिनं मान वर केली, पुन्हा सुपात घातली आणि एक खडा काढून लांब फेकला. तिला नक्कीच खबर होती. पत्रिका खालापुरात आली की लोधिवलीला तिच्या आधी बातमी येते. सून दारात येऊन उभी राहिली, तिच्या हातात पाण्यानं भरलेला तांब्या.

"ठेव तो आत," आत्या म्हणाली.

सून घुटमळली.

"ठेव म्हनते ना! त्यांच्याकडं पायावर पानी घालायची रीत नाय. पावन्यांना सवय नसंल. उगा सर्दी व्हायची." आणि सूप आपटलं.

नागूकाकाचा चेहरा पडला. मानाच्या माणसाला कोरड्या पायांनी अंगणात उभं ठेवणं म्हणजे काय, हे वही ठेवणाऱ्याला सांगावं लागत नाही. नऊ वर्षं धार लावलेलं शस्त्र बाईनं पहिल्याच घावात चालवलं होतं. आता माघारी फिरायचं आणि मोरूतात्याला सांगायचं, की हळद कोणाकडून लावायची ते बघ.

आणि तेवढ्यात नीलेशच्या तोंडून, अगदी पोटातून, निघून गेलं, "बरं झालं!"

नागूकाकानं डोळे मिटले.

"काय म्हनलास?" आत्या उठून उभी राहिली.

"बरं झालं म्हनलं आत्या! धा घरं! सकाळपासून धा घरांनी माज्या पायावर बर्फ ओतलाय. नको म्हनलं तर मावशी म्हनते आपलंच घर हाय. गाडीवर बसलो तर व्याही गाडीवर येऊन ओततो! मला पाय हायेत का नाय ते मला म्हाईत नाय. तू पयली बाई, जिनं माज्यावर दया केली!"

"गप रं," काका पुटपुटला.

"नाय गप बसत! या एका तांब्यासाठी ही नऊ वर्स रुसून बसली, आन मी धा तांबे खाऊन हितं उभा हाय. तिकडं आई रडते, हिकडं ही. आन आईचा काय दोष? आईनं मलाच उभं केलं व्हतं दारात. तो तांब्या माज्या हातात व्हता. मी मोरीवर ठेवला आन दोस्ताच्या गाडीवर चक्कर मारायला गेलो! झालं? आता काय ते बोल मला."

बोलून झाल्यावर त्याला कळलं की आपण बोललो.

सुनेनं तांब्या हळूच कमरेवर घेतला. काकाच्या डोक्यातल्या वहीची पानं फडफडत असावीत, कारण त्याचं तोंड उघडंच होतं.

"तू?" आत्या म्हणाली. "म्हंजे वयनी नाय?"

"मी."

"नऊ वर्स मी वयनीचं नाव टाकलं. तिच्या आईच्या तेराव्याला गेले नाय. तिनं पाठवलेलं लोनचं परत धाडलं." आत्याचा आवाज चढत चढत फाटला. "सगळं त्या बिचारीच्या नावावर मांडलं, आन उधारी तुजी व्हय रं मेल्या?"

नीलेश खाली मान घालून बूट काढायला बसला. पिशवी ओढली, तर आतलं पाणी भळकन सांडलं. मग बबल रॅप. मग मोजा, जो निघता निघेना. खालून निघाले ते पाय पांढरे फटक, सुरकुतलेले, नखांना जांभळी कड. आत्या शिव्यांच्या मध्येच थांबली. वाकून तिनं त्याचा अंगठा चिमटीत धरला आणि दाबला.

"लागतं?"

"काय लागतं?"

"नख रुतवलंय रं मी!"

"असंल."

ती आत गेली. आतून तिचा आवाज येत राहिला, चुलीला, सुनेला, पातेल्याला, कोणाला ते कळेना. "चक्कर मारायला गेला म्हनं... आन ह्यो नाग्या, एवढा म्हातारा, पोराला असं घेऊन फिरतो..." नागूकाका ओट्याच्या कडेला टेकला. पाच मिनिटांनी ती परात आणि वाफाळतं पातेलं घेऊन आली. पाण्यात थंड घातलं, कोपर बुडवून बघितलं, आणि त्याचे पाय परातीत ठेवले. पहिल्यांदा काही नाही. मग मुंग्या, मग आग, मग पाय एकेका बोटानं परत यायला लागले. नीलेशच्या डोळ्यांत पाणी आलं. ते दुखण्याचं होतं, असं तो नंतर म्हणत असे.

"ऊन पानी," आत्या तांब्यानं घोट्यावर ओतत म्हणाली, "पावन्याला थंडीत ऊन पानी घालतात. एवढं कळत नाय धा घरांना? कसली रीत आन कसलं काय."

नागूकाकानं संधी साधून अक्षतीची डबी उघडली. "अक्का, मग हळदीला..."

"तू बोलू नको. हा बोलंल." तिनं नीलेशकडं बोट केलं. "हळदीच्या सकाळी सहाला हितं यायचं. या गाडीवरनं मला न्यायचं. एसटीनं मी येनार नाय. आन दारात माज्या पायावर पानी घालायचं ते तू. ऊन. तांब्या खाली ठिवलास तर बघ."

"सहाला?" नीलेश म्हणाला. सहाला लोधिवली म्हणजे कशेळ्याहून निघायचं पावणेपाचला.

"का? थंडी वाजते?"

"नाय नाय. सहाला."

निघताना आत्या ओले मोजे घालू देईना. पेटीतून तिनं नवऱ्याच्या, म्हणजे नीलेशच्या गेलेल्या आतोबांच्या, दोन माकडटोप्या काढल्या, एक तपकिरी, एक हिरवी. एकेका पायात एकेक, तोंडाचं भोक घोट्यावर, आणि वरून त्यांच्याच जुन्या चपला. नीलेशनं पाय पुढं केले. आज त्याच्या तोंडानं पुरेसं काम केलं होतं.

पण पाय गरम राहिले! चौकात, पेट्रोलपंपावर, दहिवलीच्या वडापावच्या गाडीशी लोक वळून बघत होते. सोनुबाई तर रस्त्यातच टाळ्या वाजवून हसली. पण गिअर बोटांना कळत होता. सात थरांनी जे साधलं नाही ते मेलेल्या माणसाच्या टोपीनं साधलं होतं. वेष्टनाचे नियम कोण करतं, देव जाणे.

"काका," कशेळे जवळ आलं तसं तो म्हणाला, "आईला तुमी सांगा ना. तांब्याचं."

"मी कशाला सांगू? अक्काकडं फोन हाय."

गाडी अंगणात शिरली. मोरूतात्या ओट्यावर उभे होते, डोळे पुसत आणि हसत. त्यांच्या पुढं, पायरीवर, आई. ती हसत नव्हती. डाव्या हातात माठातलं पाणी भरलेला तांब्या होता.

"वन्संचा फोन आल्ता," ती म्हणाली. आत्याला वन्सं म्हणायला तिला नऊ वर्षांनी मिळालं होतं, इतकी ती भरलेली होती. "नऊ वर्स, नीलेश."

"आई, अगं, आत्यानं ऊन पाण्यानं शेकलेत आताच..."

"टोप्या काढ."