साहेबांच्या टेबलावरचा काळा दगड

मी साहेबांच्या टेबलावरचा काळा दगड बोलतोय. कागद उडू नयेत म्हणून ठेवलेला. गोड बोलणं मला जमत नाही. मी एका माणसाचा सूड घेतला, तो कसा ते सांगतो.

माझा जन्म दोनशे कोटी वर्षांपूर्वीचा. पाण्यातून वाहत आलेलं युरेनियम वाळूच्या थरात साचलं, तो मी. युरेनियमचे अणू दोन तऱ्हेचे, थंड आणि तापट. तेव्हा माझ्यात शंभरातले तीन तापट होते. तापट अणू फुटला की त्यातून कण सुसाट सुटतात. खडकात झिरपलेल्या पाण्याने त्यांचा वेग कमी केला, आणि ते शेजारच्या तापट अणूंना फोडू लागले. मी पेटलो. अर्धा तास तापलो की पाण्याची वाफ होई आणि मी आपोआप विझे. दोन-अडीच तासांत निवलो की पाणी परत येई आणि मी पुन्हा पेटे. लाखो वर्षं हेच. भट्टी मीच, भट्टीवालाही मीच.

पुढे खाणवाल्यांनी मला बाहेर काढलं. भावंडांची भुकटी प्रयोगशाळेत गेली, मी साहेबांच्या टेबलावर आलो.

प्रयोगशाळेत रोज आमचीच भुकटी यंत्रात ठेवून काटा ०.७२० वर आणायची रीत होती. काळाच्या ओघात झिजून जगभर शंभरात तेवढेच तापट अणू उरलेत, मग इथे वेगळे कसे असतील? एकदा त्या भुकटीची बाटली संपली. तपासनीस बाईंनी दुसऱ्या खाणीच्या भुकटीवर यंत्र लावलं आणि मग आमची मोजली. ०.७१७ भरली. त्यांनी सात वेळा मोजली.

“साहेब, आपल्या मालात कमी भरतंय.”

“आकडा सगळीकडे एकच असतो, बाई. कमी भरतंय म्हणजे कुणीतरी चांगला माल पळवून हलका भरलाय. आणि बाटल्या तुमच्याच ताब्यात असतात.”

फाटकावरचा पहारेकरी बाईंचा सख्खा दीर. त्याला त्यांची पिशवी उपडी करायला लावली. “वहिनी, हुकूम आहे हो,” एवढंच तो खाली बघत म्हणाला. डबा, छत्री आणि चष्म्याचं घर निघालं. तरी बाईंना घरी बसवलं, आणि त्या हुकमाचा कागद साहेबांनी माझ्याच खाली दाबला. माझा तिळपापड झाला. ते अणू मीच जाळले होते, आणि चोर ठरल्या त्या.

मग बाहेरून चौकशीला एक वयस्कर गृहस्थ आले. “प्रयोगशाळेचा हात न लागलेला तुकडा द्या,” ते म्हणाले.

साहेबांनी ऐटीत मला उचललं. “हा घ्या. तीन वर्षं माझ्या नजरेसमोर आहे.”

माझा टवका काढला तेव्हा मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. ०.४४० भरलो; भुकटीत न पेटलेली भावंडंही मिसळलेली होती, मी मात्र पुरता जळलेला. शिवाय फुटलेल्या अणूंची राखही सापडली, अणुभट्टीतच सापडते तशी. चोरी झालीच नव्हती. साहेबांची खुर्ची गेली.

आज त्या खुर्चीत बाई बसतात. पिशवी दीर स्वतः आत आणून देतो. माझ्याखाली आता साहेबांचं माफीपत्र आहे. काल ते दारात येऊन उभे राहिले.

“बाई, माझं पत्र वाचलंत का?”

“दगडाखाली आहे,” बाई म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

पण त्यांचा हात दोनदा माझ्याकडे आला. बाई, तुमचा जीव मऊ आहे, मला ठाऊक आहे. एवढ्यात मला उचलू नका. माझं अजून निवलेलं नाही.