बाथरूमची कडी

वकीलबाईंनी पेनाचं टोपण काढलं, अर्जाच्या शेवटच्या पानावर हात टेकवला आणि सही न करताच टोपण पुन्हा लावलं.

"परत एकदा सांगा," त्या म्हणाल्या. "अगदी पहिल्यापासून."

समोरच्या बाईने सुस्कारा सोडला. नवऱ्यापासून घटस्फोट मागणारी ही त्यांची अशील शाळेत गणित शिकवायची. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा समजावून सांगणं तिच्या अंगवळणी पडलेलं होतं.

"शनिवारी माझी लेक, मुंगी, त्याच्याकडे राहायला जाते. मी फोन केला की केव्हाही बघा, बाथरूममध्ये आहे म्हणतो. इतका वेळ? मग मी तिलाच विचारलं. तो तिला कोंडतो, मॅडम. बाहेरून कडी आणि वर लाइट बंद."

"ती असं म्हणाली?"

"हो म्हणाली ना. खोटं कशाला बोलेल ती?"

बाई रडली नाही. वकीलबाईंना ते खटकलं. रडली असती तर तेही खटकलं असतं. इतकी वर्षं लोकांचे संसार मोडायला मदत केल्यावर त्यांचा कुणाच्याच डोळ्यांवर भरवसा उरला नव्हता, कोरड्याही नाही आणि ओल्याही नाही.

त्यातून सकाळी कोर्टाच्या कँटीनमध्ये जे झालं, ते त्यांच्या डोक्यातून जात नव्हतं. मुंगीच्या बापाचे वकील त्यांच्या टेबलाशी कप घेऊन आले होते. वयाने आणि मिशांनी पांढरे. सगळं कोर्ट त्यांना आजोबा म्हणायचं.

"पोरी, तुझी अशील काही सरळ नाही," ते बशीत चहा ओतत म्हणाले होते. "लेकराला बाथरूममध्ये कोंडते. बाहेरून कडी घालते, लाइट बंद करते. पोरीने बापाला स्वतः सांगितलंय. ताबा बापाला द्या म्हणून अर्ज टाकतोय उद्या. आधी कानावर घातलं, नंतर रुसू नकोस."

वकीलबाईंनी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नव्हतं, पण हातातला घास ताटात परत ठेवला होता. कारण हाच आरोप, तीच कडी, तोच लाइट, त्यांच्या स्वतःच्या अर्जात होता. आणि तो अर्ज अजून त्यांच्या ऑफिसबाहेरही पडला नव्हता.

मग आजोबांना कळलं कसं? आधी संशय गेला टायपिस्टवर. दुपारभर त्या तिच्याकडे अशा बघत होत्या की शेवटी तिनेच विचारलं, "काही चुकलंय का मॅडम?" मग वाटलं, बापाने ऐकून उलटा डाव टाकला असेल. आणि आता समोर बसलेल्या या शांत बाईकडे बघताना वाटत होतं, करणारी हीच असेल आणि खापर नवऱ्यावर फोडत असेल. दोघांपैकी एक जण खोटं बोलतंय, हे नक्की. पुढे एकाचा अर्ज मान्य झाला की मुंगी दुसऱ्याला कोर्टाच्या व्हरांड्यात तासाभरापुरती भेटणार, हेही नक्की.

"तुम्ही खाली नोटरीकडे जाऊन प्रतिज्ञापत्रावर सही करून या," त्या म्हणाल्या. "टायपिस्ट येईल बरोबर. मुंगीला राहू दे इथे."

बाई उठली. उघड्या दारातून लेकीकडे बघितलं, वकीलबाईंकडे बघितलं. मग कागद उचलून गेली.

मुंगी बाहेरच्या खोलीत टायपिस्टच्या फिरत्या खुर्चीत बसून गोल गोल फिरत होती. सात वर्षांची, दोन वेण्या, एका पायातला मोजा घसरलेला. आपल्या अशिलाच्या मुलाला आपण काहीही विचारायचं नाही, ते न्यायाधीशांनी विचारायचं, हा वकीलबाईंचा शिरस्ता होता. त्यांनी तो आजवर पाळला होता.

"मुंगी," त्या म्हणाल्या, "तुला एक विचारू?"

खुर्ची थांबली. मुंगीने पाय खाली सोडले.

"मला बाथरूमला जायचंय."

ऑफिस म्हणजे पूर्वीचं राहतं घर. बाथरूम मागच्या पॅसेजमध्ये होतं. दार वाऱ्याने आपटू नये म्हणून त्याला बाहेरूनही कडी होती. मुंगीने आधी ती कडी नीट बघितली, मग आत जाऊन दारातून डोकं बाहेर काढलं.

"लाइट बंद करा ना. बटण फार वर आहे."

"अंधारात कशाला बसायचं?"

"लाइट चालू असला की बाहेरून हाका मारतात. बंद असला की वाटतं, आत कुणी नाही."

वकीलबाईंचा हात भिंतीवरच थांबला.

"घरी कोण बंद करतं लाइट?"

"मीच. स्टुलावर चढून."

"आणि बाबांकडे?"

"तिकडे बटण खालीच आहे." मुंगीने दाराची कड खरवडली. "आत बसलं ना, की कुणी काही विचारत नाही. तिकडे काय खाल्लंस, कोण आलं होतं, बाबा काय बोलले, आई काय बोलली."

"मग हे आईला सांगायचं ना, की तू आपली आपणच बसतेस."

"आईने ते विचारलंच नाही. तिने विचारलं, बाबा कोंडतात का."

"आणि बाबांनी?"

"बाबांनी विचारलं, आई कोंडते का." मुंगीला हे सगळं फार सोपं वाटत असावं. "करा ना बंद."

दार लागलं. आतली कडी सरकली. वकीलबाईंनी बटण दाबलं.

आतून बारीक गुणगुणण्याचा आवाज येऊ लागला. वकीलबाई तशाच उभ्या राहिल्या. त्यांना फार वाईट वाटलं, आणि आधी हायसंही वाटलं होतं, त्याची लाज वाटली. कुणीच कुणाला कोंडत नव्हतं. दोन अर्ज होते, दोन वकील होते आणि खोटं बोलणारं कुणीच नव्हतं.

जिन्यात पावलं वाजली. आई आत आली, हातात शिक्का मारलेलं प्रतिज्ञापत्र, मागे टायपिस्ट.

"मुंगी कुठाय?"

"आत आहे. बसू दे तिला थोडा वेळ."

आईने बंद दाराकडे बघितलं. दारावरच्या काचेतला अंधार बघितला. मग वकीलबाईंच्या हाताकडे बघितलं, तो अजून बटणावरच होता.

"लाइट का बंद केलात?"

"तिनेच सांगितलं."

हे वाक्य वकीलबाईंनी समोरच्या पक्षाच्या तोंडून कितीदा ऐकलं होतं. आज स्वतःच्या तोंडून ते तितकंच खोटं वाटलं. बाहेरची कडी उघडी लोंबत होती, पण तिकडे बघतंय कोण? आईने त्यांना बाजूला सारलं आणि दारावर थाप मारली.

"मुंगी, घाबरू नकोस हं. मी आलेय. खरं सांग, तुला वकीलबाईंनी कोंडलं का?"

गुणगुणणं थांबलं.

"हो," मुंगी म्हणाली.

आणि मग आतली कडी काढल्याचा आवाज आला. बाहेर उभ्या असलेल्या तिघींनीही तो ऐकला.